यंत्रावर किती विसंबावे?

सातवीच्या वर्गातला एक प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांच्या ओळखीचा असेल. ७.२ ला ४८ ने गुणायचे आहे. विद्यार्थी कॅल्क्युलेटरवर भराभर बोटे चालवतो आणि वहीत लिहितो, ३४५६. दशांशचिन्हाचे बटण नीट दाबले गेलेले नाही. "अरे, सात गुणिले पन्नास किती?" असे विचारले तर तो क्षणात साडेतीनशे म्हणतो. पण वहीतले साडेतीन हजार त्याला खटकत नाहीत. का? तर "कॅल्क्युलेटरवर तसंच आलंय, सर!"

याच शाळेच्या कार्यालयात याच्या नेमके उलट दृश्य दिसू शकते. गुणपत्रकांच्या बेरजा संगणकाने केल्या आहेत. तरीही एखादे ज्येष्ठ सहकारी त्या सगळ्या बेरजा पुन्हा हाताने करत बसतात. दोन-अडीचशे बेरजा झाल्यावर डोळे दमतात, हातचा एक सुटतो, आणि संगणकाची बरोबर असलेली बेरीज लाल शाईने "दुरुस्त" होते.

विद्यार्थ्याने यंत्रावर जास्त विश्वास ठेवला, सहकाऱ्यांनी कमी. चूक दोघांचीही झाली. तेव्हा यंत्रावर विश्वास ठेवावा की ठेवू नये, हा प्रश्नच मुळी अपुरा आहे. कोणत्या बाबतीत, कोणत्या परिस्थितीत आणि कशाच्या आधारावर विश्वास ठेवावा, असे विचारायला हवे. वर्गात या चुकीची किंमत एखाद्या गुणाची असते. वर्गाबाहेर ती फार मोठी असू शकते. गेल्या अर्धशतकातले तीन प्रसंग आपण पाहू. एका ठिकाणी यंत्रावर गरजेपेक्षा जास्त विश्वास ठेवला गेला, दुसऱ्या ठिकाणी तो नेमका ठेवला गेला, आणि तिसऱ्या ठिकाणी यंत्र खरे बोलत असताना त्याचे ऐकले गेले नाही.

निसटलेली एक तार

९ जून १९९५. अटलांटिक महासागरातल्या बर्म्युडा बेटावरून 'रॉयल मॅजेस्टी' नावाचे प्रवासी जहाज दुपारी १२ वाजता अमेरिकेतल्या बोस्टनकडे निघाले. जहाज तीनच वर्षांपूर्वीचे, अद्ययावत. प्रवासी आणि कर्मचारी मिळून १५०९ माणसे त्यावर होती. जहाज कोठे आहे हे उपग्रहांच्या साहाय्याने सांगणारी जीपीएस यंत्रणा त्यावर होती. त्या स्थानाच्या आधारे ठरलेल्या मार्गावरून जहाज नेणारे स्वयंचलित सुकाणूही होते.

जीपीएसचे तत्त्व सोपे आहे. आकाशातले उपग्रह सतत वेळेचे संदेश पाठवत असतात. संदेश आपल्यापर्यंत पोहोचायला किती वेळ लागला यावरून त्या उपग्रहाचे अंतर समजते. किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की आपले स्थान निश्चित करता येते. यासाठी अर्थातच संदेश पकडणारी अँटेना शाबूत हवी. रॉयल मॅजेस्टीवर ही अँटेना नियंत्रणकक्षाच्या छतावर होती आणि तिची तार छतावरून उघडीच टाकलेली होती. बंदर सोडून तासभरही झाला नसेल तोच ही तार जोडणीतून निसटली.

आता यंत्राने काय केले पाहा. उपग्रहांचे संदेश मिळेनासे होताच ते बंद पडले नाही. त्याने स्थान काढण्याची दुसरी, फार जुनी रीत स्वीकारली. शेवटचे माहीत असलेले ठिकाण घ्यायचे. जहाजाचा वेग आणि दिशा घ्यायची. इतक्या वेळात ते कोठवर पोहोचले असेल ते गणिताने काढायचे. दर्यावर्दी लोक या रीतीला डेड रेकनिंग म्हणतात. शतकानुशतके जहाजे याच रीतीने चालत आली. पण तिच्यात एक उणीव आहे. वाऱ्याने आणि लाटांनी जहाज बाजूला सरकले, तर या गणिताला ते कळत नाही. चूक होते, आणि ती दर तासाला वाढत जाते. म्हणूनच जुने खलाशी या गणितावर एकट्याने कधीच विसंबत नसत. तारे, किनारा, पाण्याची खोली, जे मिळेल त्यावरून ते आपले स्थान पडताळून पाहत.

यंत्राने हा बदल लपवला होता असे नाही. त्याने सेकंदभर एक बारीक आवाज केला आणि पडद्यावर 'डीआर' अशी इवलीशी अक्षरे दाखवली. आवाज कोणाच्या लक्षात आला नाही. अक्षरे तशीच राहिली, आणि त्यांच्या शेजारी अक्षांश-रेखांशाचे मोठे, ठसठशीत आकडे पूर्वीसारखेच दिसत राहिले. उपग्रहांकडून मिळालेले स्थान आणि अंदाजाने काढलेले स्थान दिसायला सारखेच होते.

स्वयंचलित सुकाणूत एक पडताळणीही होती. ते वेग आणि दिशा यांवरून स्वतः स्थानाचे गणित करी आणि जीपीएसने दिलेल्या स्थानाशी ताडून पाही. दोहोंत फार फरक पडला तर इशारा द्यायचा, अशी योजना होती. पण आता जीपीएस यंत्रही त्याच वेगावरून, त्याच दिशेवरून तेच गणित करत होते. दोन्ही उत्तरे जुळणारच! परीक्षेत शेजारी बसलेल्या दोघांची उत्तरे, चुकांसकट, तंतोतंत सारखी आली तर आपण काय समजतो? दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगत असले, पण दोघांनी ती एकाच जागी ऐकली असली, तर साक्ष एकच धरायची असते. सुकाणू बनवणाऱ्यांनी या शक्यतेचा विचार केलेला नव्हता.

पूर्व-ईशान्येकडून येणारा वारा आणि लाटा जहाजाला हळूहळू पश्चिमेकडे ढकलत होत्या. किती हळू? शेवटी एकूण चूक सुमारे १७ सागरी मैल झाली आणि तिला सुमारे ३४ तास लागले. म्हणजे तासाला अवघा अर्धा मैल. इतक्या मंद सरकण्याची जहाजावरच्या माणसाला जाणीव होणे शक्य नव्हते. (एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. वर्गात हे गणित जरूर करून घ्यावे.)

डोळ्यांसमोरचे पुरावे

या ३४ तासांत पहाऱ्यावरचे अधिकारी झोपले नव्हते. दर तासाला ते नकाशावर जहाजाचे स्थान मांडत होते. मात्र ते स्थान त्याच जीपीएस यंत्रावरून घेतलेले असे. जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांवरून स्थान काढणारे लोरान नावाचे स्वतंत्र उपकरण जहाजावर होते, चालू होते, आणि बरोबर आकडे दाखवत होते. त्याच्याशी कोणी ताडून पाहिले नाही. पाणी उथळ झाल्यास इशारा देणारी घंटा होती. पण ती शून्य मीटरवर लावलेली राहिली होती, म्हणजे जहाज तळाला टेकल्याशिवाय ती वाजणारच नव्हती.

१० जूनच्या संध्याकाळी बोस्टनच्या सागरी मार्गाचे प्रवेशद्वार दाखवणारा 'बीए' नावाचा तरंगता बोया दिसायला हवा होता. रडारवर अपेक्षित वेळी, अपेक्षित जागी एक ठिपका दिसला. समोर मावळतीचा सूर्य असल्याने बोया डोळ्यांनी दिसला नाही. अधिकाऱ्याने ठिपका म्हणजेच 'बीए' असे धरले. प्रत्यक्षात तो भलताच बोया होता, एका बुडालेल्या जहाजाची जागा दाखवणारा. पुढचा बोया 'बीबी'. तो तर दिसलाच नाही. पण यंत्र मार्ग बरोबर असल्याचे सांगत होते. तेव्हा बोया तेथे असणारच, रडारवर उमटला नसेल इतकेच, असा पुढच्या पाळीच्या अधिकाऱ्याचा समज झाला. कप्तानाने विचारले तेव्हा त्याने बोया दिसल्याचे सांगितले.

रात्री जवळच्या मच्छीमार नौकांनी रेडिओवरून हाका दिल्या. उत्तर गेले नाही. टेहळणीवरच्या खलाशांनी नको त्या ठिकाणी दिवे दिसत असल्याचे कळवले, पुढे तर निळे-पांढरे पाणी दिसते आहे असेही सांगितले. फेसाळलेले पाणी म्हणजे उथळ जागा, हे कोकणातला कोणताही तांडेल सांगेल. तरीही जहाज ठरल्या मार्गावरच राहिले. रात्री १० वाजून २५ मिनिटांनी नँटकेट बेटाच्या पूर्वेला सुमारे १० मैलांवर 'रोज अँड क्राउन' नावाच्या वाळूच्या उथळ पट्ट्यावर ते रुतले. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. दुरुस्ती आणि बुडालेले उत्पन्न मिळून सुमारे ७० लाख डॉलरचे नुकसान झाले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९७ मध्ये या अपघाताचा अहवाल दिला. अधिकारी स्वयंचलित यंत्रणेवर अवाजवी विसंबले, हे पहिले कारण. पण दोष त्यांच्यावरच टाकून मंडळ थांबले नाही. कंपनीने पुरेसे प्रशिक्षण दिले नव्हते आणि यंत्रणेच्या रचनेतच उणिवा होत्या, हेही त्याने नोंदवले. आम्हाला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. ज्याने तीन वर्षे रोज खरे सांगितले, त्याच्यावर विश्वास बसणे हा माणसाचा स्वभाव आहे. या विश्वासाला योग्य जागी अडवणारे काहीच त्या कक्षात नव्हते.

नुसते पाहत बसणे

"अधिकाऱ्यांनी अधिक दक्ष राहायला हवे होते" असे म्हणणे सोपे आहे. दक्षता ही मनाच्या निर्धाराची गोष्ट आहे असे आपण धरून चालतो. विज्ञानाने मात्र ती मोजून पाहिली आहे.

दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यासमोर तासन् तास बसणाऱ्या सैनिकांच्या नजरेतून खुणा सुटतात असे लक्षात आले. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी त्यासाठी एक साधे घड्याळ बनवले. त्याचा काटा ठरावीक टप्प्यांनी पुढे सरके आणि मधूनच कधीतरी दुप्पट उडी मारी. तशी उडी दिसली की बटण दाबायचे, एवढेच काम. दोन तासांच्या या चाचणीत पहिल्या अर्ध्या तासानंतरच सुटणाऱ्या उड्यांची संख्या स्पष्टपणे वाढलेली आढळली. १९४८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. क्वचित घडणाऱ्या गोष्टीची वाट पाहत लक्ष एकाग्र ठेवणे हे माणसाला फार काळ जमणारे कामच नव्हे. दुपारच्या शेवटच्या तासाला परीक्षेवर देखरेख करणाऱ्या शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको.

१९८३ मध्ये लिझान बेनब्रिज या ब्रिटिश संशोधिकेने याच धाग्याला पुढे नेणारा एक निबंध लिहिला. तिचे म्हणणे असे. सोपे आणि नेहमीचे काम आपण यंत्राला देतो. यंत्राला न जमणारे, अवघड आणि अचानक उद्भवणारे काम माणसासाठी उरते. पण नेहमीचे काम हातून गेल्यामुळे माणसाचा सराव तुटलेला असतो. म्हणजे यंत्र जितके चांगले, तितका माणूस ऐनवेळी कच्चा! या विसंगतीवर बेनब्रिजने नेमके बोट ठेवले. अमेरिकेच्या नौदल अकादमीने विसाव्या शतकाच्या अखेरीस आकाशातल्या ग्रह-ताऱ्यांवरून स्थान काढण्याचे शिक्षण बाजूला ठेवले होते. २०१५ मध्ये ते पुन्हा सुरू केले. जुने कौशल्य जपायचे ते जुन्याच्या प्रेमापोटी नाही. यंत्राची परीक्षा घेण्यासाठी यंत्राहून वेगळे काहीतरी हाताशी लागते.

मध्यरात्रीचा भोंगा

आता दुसरा प्रसंग. २६ सप्टेंबर १९८३ ची मध्यरात्र नुकतीच उलटली होती. मॉस्कोच्या दक्षिणेला सेरपुखोव्ह-१५ या गुप्त लष्करी केंद्रात ४४ वर्षांचे लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेट्रोव्ह पाळीवर होते. अमेरिकेच्या भूमीवरून क्षेपणास्त्र सुटल्यास ते टिपणाऱ्या उपग्रहांची यंत्रणा या केंद्रातून चाले. दिवस कमालीच्या तणावाचे होते. त्याच महिन्याच्या १ तारखेला सोव्हिएत लढाऊ विमानाने दक्षिण कोरियाचे प्रवासी विमान पाडले होते आणि त्यात २६९ माणसे मरण पावली होती.

अचानक भोंगा वाजला. अमेरिकेतून एक क्षेपणास्त्र सुटले आहे, असे यंत्रणा सांगत होती. थोड्याच वेळात आणखी चार. माहितीची विश्वसनीयताही यंत्रणेने स्वतःच नोंदवली होती, सर्वोच्च. पेट्रोव्ह यांचे काम वरिष्ठांना कळवण्याचे. वर निर्णय घ्यायला मोजकी मिनिटे असत आणि अणुयुद्धाला सुरुवात होऊ शकली असती.

पेट्रोव्ह यांनी इशारा खोटा असल्याचे कळवले. कशाच्या जोरावर? नंतर मुलाखतींतून त्यांनी सांगितलेली कारणे पाहिली तर तो निव्वळ अंतःप्रेरणेचा खेळ वाटत नाही. पहिली गोष्ट, युद्ध सुरू करणारा देश पाच क्षेपणास्त्रांनी सुरुवात करणार नाही, तो शेकडोंनी करील. दुसरी, ही उपग्रह यंत्रणा नवी होती, घाईने सेवेत आणलेली होती, आणि तिच्यातले कच्चे दुवे त्यांना ठाऊक होते. ते मूळचे अभियंते, आणि तिच्या वापराच्या सूचना तयार करण्यातही त्यांचा हात होता. तिसरी, उपग्रहांशी ज्यांचा संबंध नाही अशा जमिनीवरच्या रडारांकडून दुजोरा मिळत नव्हता. आपली खात्री पुरी नव्हती, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे.

मिनिटे गेली. काहीच आले नाही. पुढे चौकशीत निघाले ते असे, की उंचावरच्या ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश विशिष्ट कोनातून उपग्रहांच्या नजरेत शिरला होता आणि यंत्रणेने त्याला क्षेपणास्त्राचा जाळ समजले होते. ही हकिगत जगाला १९९० च्या दशकात कळली. पेट्रोव्ह २०१७ मध्ये निवर्तले.

या गोष्टीचे तात्पर्य "यंत्राचे ऐकू नये" असे काढण्याचा मोह होतो. तो टाळायला हवा. उद्या खरोखरीच क्षेपणास्त्रे सुटली असती तर? पेट्रोव्ह यांनी यंत्राचा सरसकट अविश्वास केला नाही. यंत्राला ही माहिती कशी मिळते, ते कोठे फसू शकते आणि त्याच्याहून स्वतंत्र असा पुरावा काय म्हणतो, हे तीन प्रश्न त्यांनी विचारले. रॉयल मॅजेस्टीवर नेमके हेच तीन प्रश्न विचारायचे राहून गेले होते.

दोन आवाज, दोन आज्ञा

तिसरा प्रसंग आपल्या देशातून सुरू होतो. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचे आणि कझाकस्तानचे अशी दोन विमाने एकमेकांवर आदळली. ३४९ माणसे गेली. आकाशात झालेल्या टकरींमधला हा सर्वांत भीषण अपघात. कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खाली उतरले होते. यानंतर भारताने आपल्या आकाशात येणाऱ्या प्रवासी विमानांवर टक्कर टाळणारी स्वयंचलित यंत्रणा बंधनकारक केली.

टीकॅस नावाची ही यंत्रणा जमिनीवरच्या नियंत्रकावर अवलंबून नसते. प्रत्येक विमानातले यंत्र आसपासच्या विमानांतल्या यंत्रांना रेडिओवरून विचारणा करते, अंतर आणि उंची समजून घेते, आणि टक्कर होईलसे दिसले तर दोन्ही यंत्रे आपसांत ठरवतात, एकाने वर जायचे, दुसऱ्याने खाली. मग आपापल्या वैमानिकाला तसा आवाजी आदेश मिळतो.

१ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगेन गावाच्या आकाशात दोन विमाने एकमेकांच्या मार्गात आली. एक मॉस्कोहून बार्सिलोनाकडे चाललेले रशियन प्रवासी विमान, बहुसंख्य प्रवासी शाळकरी मुले. दुसरे मालवाहू. दोहोंत टीकॅस होते आणि ते उत्तम चालत होते. झुरिकच्या केंद्रात मात्र त्या वेळी एकच नियंत्रक दोन जागांचे काम पाहत होता, आणि दुरुस्तीसाठी तिथल्या काही सोयी बंद ठेवलेल्या होत्या. धोका त्याच्या उशिरा लक्षात आला. त्याने रशियन विमानाला खाली उतरण्यास सांगितले. काही सेकंदांतच टीकॅसने त्याच विमानाला वर जाण्याचा आदेश दिला. मालवाहू विमानाला टीकॅसने खाली उतरायला सांगितले होते आणि ते उतरू लागले होते.

रशियन वैमानिकांपुढे आता दोन आवाज होते. एक माणसाचा, एक यंत्राचा. त्यांनी माणसाचे ऐकले. दोन्ही विमाने खाली उतरत गेली आणि आदळली. ७१ माणसे मरण पावली, कोणीही वाचले नाही.

वैमानिकांना दोष देणे येथेही सोपे आहे. पण त्यांच्या पुस्तिकेत नियंत्रकाच्या सूचनेला मोठे स्थान होते. दोहोंत विरोध आला तर कोणाचे ऐकायचे, हे सगळ्या जगात एकसारखे आणि निःसंदिग्ध ठरलेले नव्हते. याहून खेदाची बाब अशी, की ३१ जानेवारी २००१ ला जपानच्या आकाशात दोन विमानांच्या बाबतीत हुबेहूब असाच प्रकार घडून टक्कर थोडक्यात टळली होती. त्यापासून सर्वांनी वेळीच धडा घेतला नाही. युबरलिंगेननंतर, २००३ साली, आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने नियम स्पष्ट केला. टीकॅसचा आदेश मिळाला की तोच पाळायचा, नियंत्रकाची सूचना विरुद्ध असली तरीही.

गंमत पाहा. पेट्रोव्ह यांनी यंत्राऐवजी स्वतःच्या विचारावर भिस्त ठेवली म्हणून अनर्थ टळला. युबरलिंगेनला यंत्राऐवजी माणसावर भिस्त ठेवल्यामुळे अनर्थ घडला. दोहोंत विरोध आहे का? आम्हाला तसे वाटत नाही. टीकॅसला दुसऱ्या विमानाची माहिती थेट आणि सेकंदासेकंदाला मिळत होती. शेजारच्या विमानाला काय आदेश दिला आहे हेही त्याला ठाऊक होते. एकट्या, ओढाताणीत सापडलेल्या नियंत्रकाला यांतले काहीच तितक्या नेमकेपणाने माहीत नव्हते. अधिक विश्वासाचा अधिकारी कोण, हे तो माणूस आहे की यंत्र यावरून ठरत नाही. ते त्याच्याजवळच्या माहितीच्या स्रोतावरून ठरते. आणि विचार करायला सवड नसेल अशा ठिकाणी हा निर्णय आधीच, शांतपणे, सर्वांनी मिळून घेऊन ठेवावा लागतो.

मग नेमका विश्वास म्हणजे काय?

या तीन प्रसंगांतून वर्गात वापरता येतील असे चार प्रश्न हाती लागतात.

पहिला: यंत्र नेमके काय सांगते आहे? २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात एक झडप उघडीच अडकली. नियंत्रणफलकावरचा तिचा दिवा मात्र विझलेला होता. कर्मचाऱ्यांनी अर्थ लावला, "झडप बंद झाली." दिव्याचा खरा अर्थ होता, "झडप बंद करण्याचा आदेश गेला." दोन तासांहून अधिक काळ अणुभट्टीचे थंड करणारे पाणी त्या झडपेवाटे निसटत राहिले आणि भट्टीच्या गाभ्याचा बराच भाग वितळला. गृहपाठ सांगितला म्हणजे तो झाला असे नव्हे, हे आपल्याइतके कोणाला माहीत असणार!

दुसरा: हे त्याला कसे कळले, आणि कोणत्या परिस्थितीत कळेनासे होते?

तिसरा: पडताळणीचा दुसरा मार्ग कोणता, आणि तो पहिल्यापासून खरोखर स्वतंत्र आहे का?

चौथा: दोन मार्गांत विरोध आला तर कोणाचे ऐकायचे, हे आधी ठरले आहे का?

हे प्रश्न शाळेच्या मैदानावरही शिकवता येतात. चुन्याने ५० पावलांची एक सरळ रेषा आखावी. विद्यार्थ्याचे डोळे बांधून त्याला रेषेच्या टोकापासून सरळ चालायला सांगावे, आणि पन्नासाव्या पावलाला तो रेषेपासून किती दूर गेला ते मोजावे. दुसऱ्या वेळी दर दहा पावलांनी त्याला क्षणभर डोळे उघडू द्यावेत. दोन्ही वेळची चूक आलेखकागदावर मांडली की रॉयल मॅजेस्टीची कहाणी मुलांना पायांनी समजते. आणि कॅल्क्युलेटर हाती देताना एवढाच नियम करावा: उत्तर साधारण किती येईल ते आधी वहीच्या समासात लिहायचे, बटणे नंतर दाबायची. अंदाज आणि उत्तर यांत दहापट फरक पडला तर मुलगा स्वतःच थांबतो. त्याला शिक्षकाची गरज उरत नाही.

आज मुलांच्या हाती रस्ता दाखवणारे फोन आहेत आणि विचाराल त्या प्रश्नाचे घडघडीत भाषेत उत्तर देणारे संगणकही आहेत. हे संगणक बरोबर उत्तर ज्या ठामपणे देतात, त्याच ठामपणे कधी चुकीचेही देतात. रॉयल मॅजेस्टीवरच्या पडद्याचे तसेच होते. उपग्रहांशी नाते तुटल्यावरही त्याचे आकडे पूर्वीइतकेच ठसठशीत होते. अशा वेळी मुलांना "यंत्र वापरू नका" असे सांगून उपयोग नाही, ती वापरणारच. "यंत्र चुकत नाही" असे सांगणे तर धोक्याचे. पडद्याच्या कोपऱ्यातली ती दोन बारीक अक्षरे शोधण्याची सवय मात्र लावता येते. आणि फळ्यावर आम्ही स्वतः लिहिलेल्या उत्तराबद्दलही मुलांनी हेच चार प्रश्न विचारले, तर रागावू नये. तेथूनच ही सवय लागते.